मेजर लीगसाठी खेळाडू ‘तयार’ कधी होतो?

जॅक्सन हॉलिडे हा २०२२च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे नवोदितांच्या निवडीत, सगळ्यात आधी निवडला गेलेला खेळाडू. एप्रिल २०२४मध्ये, विसाव्या वर्षी, बाल्टिमोर ओरिओल्स या संघानं त्याला मेजर लीगमध्ये, म्हणजे अमेरिकी बेसबॉलच्या सर्वोच्च स्पर्धेत, उतरवलं. १० सामने झाले. फलंदाजीच्या ३४ अधिकृत खेपांत त्याला फक्त २ हिट मिळाले, १८ वेळा तो स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइक पडून बाद) झाला आणि महिना संपायच्या आत खालच्या मायनर लीगमध्ये परत गेला. ३१ जुलैला तो पुन्हा आला आणि त्याच दिवशी तिन्ही बेस भरलेले असताना त्यानं होमरन मारला. मग एप्रिलमध्ये तो तयार नव्हता का? याचं उत्तर शोधताना काही समजुती आड येतात.

गैरसमज : मायनर लीगमध्ये आकडे चांगले, की खेळाडू तयार.

वस्तुस्थिती : आपले बहुतेक रणजी संघ राज्यांचे असतात. मायनर लीगचे संघ मात्र मेजर लीगच्या एकेका संघाशी जोडलेले असतात. सिंगल-ए, हाय-ए, डबल-ए, ट्रिपल-ए अशा त्यांच्या चढत्या पायऱ्या आहेत. पण प्रत्येक मैदानावरची धाव सारख्याच मोलाची नसते. अल्बुकर्की किंवा रिनोसारख्या उंचावरच्या शहरांत हवा विरळ असते, चेंडू लांब जातो आणि फलंदाजाचे आकडे फुगतात. म्हणून पारखी माणसं धावफलकापलीकडे पाहतात. चेंडू बॅटवरून किती वेगानं सुटतो? स्ट्राइक झोनबाहेरच्या, म्हणजे सोडून द्यायच्या, चेंडूचा मोह फलंदाज आवरतो का? एकदा फसल्यावर पुढच्या खेपेला काही बदलतो का? हे प्रश्न सरासरीपेक्षा जास्त सांगतात.

गैरसमज : ड्राफ्टमध्ये जो वर, तो आधी पोचणार.

वस्तुस्थिती : अल्बर्ट पुहोल्सला १९९९मध्ये तेराव्या फेरीत, ४०२व्या क्रमांकावर निवडलं गेलं. मायनर लीगमध्ये जेमतेम एक हंगाम काढून २००१मध्ये तो सेंट लुईसच्या संघात आला, त्या वर्षीचा सर्वोत्तम नवोदित ठरला आणि ७०३ होमरन मारून निवृत्त झाला. मार्क अपेल २०१३च्या ड्राफ्टमध्ये पहिला होता. त्याचा पहिला मेजर लीग सामना २०२२मध्ये, वयाच्या तिसाव्या वर्षी झाला. ड्राफ्टचा क्रमांक हा एका दिवसाचा अंदाज असतो. दुखापत, मनावरचा ताण, शिकण्याचा वेग यांतलं काहीच त्या दिवशी कळत नाही.

गैरसमज : सुरुवातीलाच अडखळला, म्हणजे घाईनं आणला.

वस्तुस्थिती : विली मेज १९५१मध्ये मिनियापोलिस या मायनर लीग संघाकडून .४७७च्या सरासरीनं (हिट भागिले खेपा) खेळत होता; .३००सुद्धा उत्तम मानली जाते. न्यूयॉर्क जायंट्समध्ये आल्यावर मात्र पहिल्या १२ खेपांत त्याला एकही हिट मिळाला नाही. व्यवस्थापक लिओ ड्युरोशरनं त्याला बसवलं नाही आणि मेज त्या वर्षीचा सर्वोत्तम नवोदित ठरला. माइक ट्राउटनं २०११मध्ये ४० सामन्यांत .२२० काढली आणि पुढच्याच वर्षी .३२६.

कधीकधी मात्र परत पाठवणंच हिताचं असतं. पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा, रॉय हॅलडे २०००मध्ये दर ९ डावांमागे १०.६४ धावा देत होता. त्याच्या टोरोंटो संघानं त्याला पुढच्या वर्षी थेट हाय-एमध्ये धाडलं. तिथं त्यानं चेंडू टाकण्याची पद्धतच नव्यानं बसवली. २००३मध्ये सर्वोत्तम पिचरचा साय यंग पुरस्कार त्याला मिळाला. खाली जाणं ही त्याच्यासाठी शिक्षा ठरली नाही.

गैरसमज : वर बोलावणं फक्त खेळ पाहून येतं.

वस्तुस्थिती : इथं पैसा आडवा येतो. मेजर लीगमध्ये ६ वर्षांची सेवा पूर्ण होईपर्यंत खेळाडूला आपल्या मर्जीचा संघ निवडता येत नाही आणि १७२ दिवस भरले की एक वर्ष धरलं जातं. खेळाडूला हंगामाच्या सुरुवातीला थोडे दिवस खाली ठेवलं, की संघाला त्याच्यावर जवळजवळ एक वर्ष जास्त हक्क मिळतो. २०१५च्या सराव सामन्यांत क्रिस ब्रायंटनं सर्वाधिक, ९ होमरन मारले. तरी शिकागो कब्जनं, क्षेत्ररक्षण सुधारायचं आहे असं सांगून, त्याला मायनर लीगमध्ये पाठवलं आणि १७ एप्रिलला बोलावलं. हंगामाअखेर त्याचे दिवस भरले १७१. एक दिवस कमी! त्याच वर्षी तो मेजर लीगमधल्या नॅशनल लीग या विभागाचा सर्वोत्तम नवोदित ठरला. त्यानं दाद मागितली, पण २०२०मध्ये निकाल विरोधात गेला. नियम मोडला नसेल, पण खेळाडूच्या मोजक्या वर्षांतलं एक वर्ष गेलं, हे मला अन्यायाचंच वाटतं. २०२२च्या करारानं थोडी दुरुस्ती केली. सर्वोत्तम नवोदिताच्या मतदानात पहिल्या दोघांत येणाऱ्या नामांकित नवोदिताला आता पूर्ण वर्ष मिळतं आणि त्याला सुरुवातीपासून खेळवणाऱ्या संघाला ड्राफ्टमध्ये जादा निवड मिळू शकते.

हॉलिडे एप्रिलमध्ये तयार होता की नाही, हे त्या ३४ खेपा सांगू शकत नाहीत. चूक झाल्यावर ती ओळखून सुधारता येणं हीच तयारी. म्हणून नवा खेळाडू पाहताना पहिल्या १० सामन्यांवर निकाल देऊ नये. अकराव्यात त्यानं काय बदललं, ते बघावं.