दिवस भरण्याआधी जन्म आणि मेंदूतील जोडण्या

गरोदरपणाचे ३७ आठवडे पूर्ण होण्याआधीचा जन्म अकाली मानतात. मेंदूच्या गाभ्यातील थॅलॅमसकडून निघालेले चेतातंतू साधारण २४ ते ३२ आठवड्यांच्या काळात मेंदूच्या बाहेरच्या थरात, म्हणजे बाह्यकात शिरून जोडले जातात. बाळ तेव्हाच जन्मले, तर हे नाजूक काम अतिदक्षता विभागात, अपुऱ्या वाढलेल्या फुप्फुसांनिशी आणि संसर्गाच्या धोक्यात चालते. तंतूंवर मायलिनचे वेष्टन चढवणाऱ्या पेशीही तेव्हा अपरिपक्व असतात. ऑक्सिजनची कमतरता आणि दाह त्यांना लवकर बाधतात. म्हणूनच प्रसूतीच्या अपेक्षित तारखेच्या सुमारास काढलेल्या एमआरआयमध्ये या जोडण्या पूर्ण दिवसांच्या बाळांपेक्षा सरासरीने क्षीण दिसतात. पुढे लक्ष, भाषा, हालचाली यांत अडचणींचा धोका वाढतो. प्रत्येक बाळाला त्या येतातच असे मात्र नाही. अशा बाळांची विकास-तपासणी घरी गेल्यावरही नियमित चालू ठेवावी.