अणुभट्टीच्या वायूंमधून आयोडीन का काढावे लागते?

अणुभट्टी म्हटली की युरेनियमच्या घन इंधनाच्या नळ्या आठवतात. पण अमेरिकेतील ओक रिज राष्ट्रीय प्रयोगशाळेत १९५० च्या दशकात निराळ्या प्रकारच्या अणुभट्ट्या बांधल्या गेल्या. त्यांत युरेनिल सल्फेट पाण्यात विरघळवून ते द्रावणच इंधन म्हणून वापरले जाई. त्यांतील दुसरी, जड पाण्यावर चालणारी अणुभट्टी १९५७ मध्ये सुरू झाली.

पाणी फुटते तेव्हा

इंधनच पाण्यात असल्यामुळे विखंडनातील ऊर्जेचा मारा थेट पाण्याच्या रेणूंवर होतो. रेणू फुटून हायड्रोजन (जड पाणी असेल तर ड्युटेरियम) आणि ऑक्सिजन तयार होतात. हे मिश्रण साचले तर एक ठिणगीही स्फोटाला पुरते. म्हणून ते प्लॅटिनमच्या उत्प्रेरकावरून नेतात. तिथे दोन्ही वायू ज्वाळेविना एकत्र येतात आणि त्यांचे पुन्हा पाणी होते.

अडचण कुठे येते?

विखंडनात किरणोत्सारी आयोडीनही तयार होते. ते सहज वायुरूप होते आणि इतर वायूंबरोबर उत्प्रेरकापर्यंत पोहोचते. प्लॅटिनमच्या पृष्ठभागावर ते घट्ट चिकटून बसते. मग हायड्रोजन आणि ऑक्सिजनला तिथे जागाच उरत नाही. यालाच उत्प्रेरकाची ‘विषबाधा’ म्हणतात. मोटारींच्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरवर शिसे असाच परिणाम करते. म्हणूनच १९९५ मध्ये मुंबईसह चार महानगरांत नव्या मोटारींना कन्व्हर्टर आले, तेव्हा सोबत शिसेविरहित पेट्रोलही आणावे लागले.

चांदीचा पहारा

आयोडीनची चांदीशी चटकन अभिक्रिया होते आणि सिल्व्हर आयोडाइड हा स्थिर घन पदार्थ बनतो. म्हणून वायू उत्प्रेरकाकडे जाण्याआधी चांदीचा मुलामा दिलेल्या तारेच्या जाळीतून नेता येतात. जाळीमुळे कमी जागेत जास्त पृष्ठभाग मिळतो आणि वायूची वाटही अडत नाही.

याचा आणखी एक फायदा आहे. आयोडीन-१३५ चे अर्धायुष्य सुमारे साडेसहा तासांचे असते. त्यापासून झेनॉन-१३५ बनतो आणि तो न्यूट्रॉन प्रचंड प्रमाणात शोषतो. आयोडीन आधीच बाजूला केले, तर इंधनात तेवढा झेनॉन कमी तयार होतो.

मात्र हा उपाय फुकटचा नाही. चांदी हळूहळू संपत जाते. शिवाय अडवलेले आयोडीन जाळीतच किरणोत्सार करत राहते, त्यामुळे तिच्याभोवती संरक्षक आवरण लागते.

आज याचे महत्त्व काय?

द्रावणावर चालणाऱ्या त्या अणुभट्ट्या मागे पडल्या, पण प्रश्न संपला नाही. २०११ मध्ये फुकुशिमात हायड्रोजनचे स्फोट झाले. अशा वेळी हायड्रोजन जिरवण्यासाठी अनेक अणुवीज केंद्रांत विजेशिवाय चालणारी, प्लॅटिनम किंवा पॅलेडियमची उत्प्रेरक उपकरणे बसवलेली असतात. पण इंधन वितळण्याइतका गंभीर अपघात झाला, तर हायड्रोजनबरोबर आयोडीनही बाहेर पडते. त्यामुळे अशी उपकरणे आयोडीनच्या सान्निध्यातही काम करतात का, हे आधीच तपासून घ्यावे लागते.