हृदयाचा अमायलॉइडोसिस : हृत्स्नायूतील रक्तवाहिन्या आणि पूर्वानुमान

हृदयाचा अमायलॉइडोसिस हा चुकीच्या घडणीची प्रथिने तंतूंच्या रूपाने हृत्स्नायूत साचल्याने होणारा आजार आहे. साचलेल्या द्रव्याला 'अमायलॉइड' म्हणजे 'पिष्टासारखे' असे म्हणतात. १८५४ साली जर्मन विकृतिशास्त्रज्ञ रुडॉल्फ फिरखो यांनी आयोडीनने रंगणाऱ्या अशा द्रव्यासाठी हा शब्द वापरला. पुढे १८५९ मध्येच ते पिष्ट नसून प्रथिनासारखे असल्याचे दाखवले गेले, परंतु चुकीचे नाव आजतागायत टिकून आहे.

हृदयात साचणाऱ्या अमायलॉइडचे दोन प्रकार प्रमुख आहेत. पहिल्यात अस्थिमज्जेतील प्लाझ्मा पेशी तयार करीत असलेल्या प्रतिपिंडांच्या हलक्या शृंखला साचतात (एएल). दुसऱ्यात यकृतात तयार होणारे ट्रान्सथायरेटिन हे प्रथिन साचते (एटीटीआर). हा दुसरा प्रकार आनुवंशिक असू शकतो किंवा कोणत्याही जनुकीय दोषाविना उतारवयात उद्भवू शकतो.

रक्तवाहिन्यांतील बदल

या आजाराचे वर्णन बहुधा 'जाड व ताठर झालेले हृदय' असे केले जाते. ते खरे असले तरी अपुरे आहे, कारण हृत्स्नायूला रक्त पुरवणाऱ्या सूक्ष्म वाहिन्याही त्यात बाधित होतात. हृदयाच्या पृष्ठभागावरील मोठ्या परिहृद् रोहिण्या सहसा मोकळ्या राहतात. स्नायूच्या आत शिरलेल्या लहान रोहिण्यांच्या भित्तीत मात्र अमायलॉइड साचते, भित्ती जाड होते आणि पोकळी अरुंद होते. भित्तीतील असा संचय एएल प्रकारात अधिक आढळतो.

संचय वाहिनीच्या बाहेर असला तरी हानी टळत नाही. पेशींमधील जागेत साचलेले तंतू केशवाहिन्यांना बाहेरून दाबतात, तसेच केशवाहिनी आणि स्नायुपेशी यांतील अंतर वाढवतात. निरोगी हृत्स्नायूत पेशीबाह्य जागेचा वाटा साधारण एक चतुर्थांश असतो. या आजारात तो अनेकदा ४० टक्क्यांच्या वर जातो. त्यामुळे स्नायूच्या दर एककामागे केशवाहिन्यांची घनता घटते. याशिवाय डाव्या निलयाला रक्त मुख्यतः शिथिलनाच्या काळात मिळते आणि ताठर निलयात नेमका त्याच काळात दाब चढलेला असतो. म्हणून आतल्या थराचा रक्तपुरवठा सर्वाधिक अडतो.

याचा परिणाम श्रमाच्या वेळी प्रकर्षाने दिसतो. विश्रांतीत पुरेसा वाटणारा प्रवाह गरज वाढल्यावर त्या प्रमाणात वाढू शकत नाही. पॉझिट्रॉन उत्सर्जन चित्रणाने मोजलेली ही राखीव क्षमता, मोठ्या रोहिण्यांत अडथळा नसलेल्या रुग्णांतही, बहुतेकदा घटलेली आढळते. छातीत दुखणे, रक्तात ट्रोपोनिनची पातळी सतत किंचित वाढलेली असणे आणि तरीही अँजिओग्राफी निर्दोष येणे, ही विसंगती त्यामुळेच घडते. 'हृदयाला काही झालेले नाही' असा निष्कर्ष अशा वेळी काढला गेल्यास निदान लांबते. विद्युत्-हृद्लेखात तरंग लहान असूनही प्रतिध्वनी चित्रणात भित्ती जाड दिसणे ही खूण अशा वेळी महत्त्वाची ठरते.

पूर्वानुमान

एएल प्रकारात हृदय निकामी होऊ लागल्यानंतर उपचार न मिळाल्यास आयुर्मान अनेकदा काही महिन्यांचेच उरते. एटीटीआर प्रकारात ते काही वर्षांचे असते. संचय कमी असूनही एएलमधील रुग्णाची प्रकृती अधिक बिघडलेली असू शकते, कारण हलक्या शृंखला स्नायुपेशींना थेट विषारी ठरतात.

पूर्वानुमानाचे टप्पे प्रामुख्याने रक्ततपासणीवर ठरतात. एएलसाठी मेयो क्लिनिकची २००४ ची पद्धत ट्रोपोनिन आणि एनटी-प्रोबीएनपी या दोन निर्देशांकांवर आधारलेली आहे. २०१२ मध्ये तिच्यात हलक्या शृंखलांच्या प्रमाणाची भर पडली. एटीटीआरसाठी एनटी-प्रोबीएनपीसोबत मूत्रपिंडाची गाळणक्षमता पाहतात. सूक्ष्मवाहिन्यांची बाधा या टप्प्यांत वेगळी मोजली जात नाही. स्नायुपेशींच्या हानीमुळे वाढणाऱ्या ट्रोपोनिनमध्ये तिचा काही अंश उमटतो, मात्र त्यातील किती हानी रक्तपुरवठ्याच्या अभावाने आणि किती थेट विषारीपणाने झाली हे रक्ततपासणीवरून सांगता येत नाही. चुंबकीय अनुस्पंदन चित्रणात मोजलेली पेशीबाह्य जागा जितकी जास्त, तितके पूर्वानुमान प्रतिकूल असते.

उपचार

एएलमध्ये बोर्टेझोमिब, डॅराट्युमुमॅब यांसारख्या औषधांनी प्लाझ्मा पेशींवर नियंत्रण आणले जाते. येथे विलंब घातक ठरतो. एटीटीआरमध्ये टॅफॅमिडिस हे औषध ट्रान्सथायरेटिनची चौपदरी रचना सुटी होऊ देत नाही. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत ४४१ रुग्ण होते. ३० महिन्यांत औषध घेणाऱ्यांपैकी २९.५ टक्के, तर निष्क्रिय गोळी घेणाऱ्यांपैकी ४२.९ टक्के रुग्ण दगावले. ही औषधे नवा संचय रोखतात किंवा मंदावतात. जुना संचय काढून टाकणे हे त्यांचे कार्य नाही. रक्तदाब उतरवणारी नेहमीची हृदयविकाराची औषधे अनेक रुग्णांना सोसत नाहीत; शिवाय दाब घसरला की अरुंद झालेल्या सूक्ष्मवाहिन्यांतील प्रवाहही घटू शकतो.