मात्रा उरली, अनुपान हरवलं

सर्व्हर सांभाळणाऱ्या प्रत्येकाकडे एक आजीबाईचा बटवा असतो. कधी ती 'कामाचं' अशा नावाची साधी टेक्स्ट फाइल असते, कधी होम डिरेक्टरीत वर्षानुवर्षं फुगत गेलेला फोल्डर. डिस्क भरली की सगळ्यांत मोठ्या वीस फाइली दाखवणारी ओळ त्यात सापडते, तीस दिवसांपूर्वीचे बॅकअप पुसणारी ओळ सापडते, एचटीटीपीवर आलेल्याला एचटीटीपीएसकडे वळवणारा एन्जिनएक्सचा चार ओळींचा तुकडाही सापडतो. सगळं कुणीतरी कुणाकडून तरी घेतलेलं, मूळ कर्त्याचं नाव पुसलेलं आणि तरीही हमखास लागू पडणारं. या बटव्याला 'कॉपी-पेस्ट संस्कृती' म्हणून नाक मुरडायची सध्या रीत आहे. मला ती पटत नाही. पुडीत सहसा खोट नसते. पुडी बटव्यात राहते आणि ती कुणाला, कशातून, किती दिवस द्यायची हे ठाऊक असलेली आजी निघून जाते, तिथे घात होतो. स्निपेट म्हणजे एका प्रश्नाचं उत्तर असतं. ते हातोहात पसरतं, पण प्रश्न जागच्या जागी राहतो.

या तुकड्यांची ताकद त्यांच्या आखूडपणात आहे आणि तिची परंपरा जुनी आहे. एका प्रोग्रॅमचं आउटपुट दुसऱ्याच्या तोंडी लावावं ही कल्पना बेल लॅब्जमधल्या डग मॅकिलरॉय यांनी १९६४ साली टिपून ठेवली. केन थॉम्पसन यांनी १९७३मध्ये ती युनिक्समध्ये उतरवली आणि पाइप जन्माला आला. तिचा सर्वांत गाजलेला प्रयोग १९८६चा. जॉन बेंटली यांच्या 'प्रोग्रॅमिंग पर्ल्स' या सदरासाठी डोनाल्ड कनुथ यांनी एखाद्या मजकुरात सर्वाधिक वेळा आलेले शब्द शोधणारा प्रोग्रॅम लिहिला. तो छापील दहा पानांच्या वर गेला. त्याचं परीक्षण करताना मॅकिलरॉय यांनी तेच काम पाइपने जोडलेल्या सहा कमांडींत करून दाखवलं: शब्द एकेका ओळीवर आणा, सगळी अक्षरं लहान लिपीत करा, क्रम लावा, सारखे शब्द मोजा, आकड्यानुसार पुन्हा क्रम लावा, वरचे हवे तेवढे ठेवा. आजही प्रशिक्षणवर्गात हे उदाहरण शिकवतात, आणि शिकवावंच.

आता हीच सहा कमांडींची मात्रा एखाद्या मराठी लेखाला देऊन पाहा. पहिली कमांड म्हणते, ए ते झेड सोडून जे जे दिसेल त्याची नवी ओळ कर आणि लागोपाठच्या नव्या ओळी मिळून एकच ठेव. देवनागरीतलं एकही अक्षर ए ते झेडमध्ये बसत नाही. त्यामुळे हजार शब्दांचा लेख आत जातो आणि बाहेर येते एक कोरी ओळ, तिच्याशेजारी संख्या '१'. एरर येत नाही, तक्रार होत नाही. मधे दोनचार इंग्रजी शब्द असले तर तेवढेच मोजले जातात आणि आकडे पाहणाऱ्याला सगळं सुरळीत चालल्यासारखं वाटतं. मॅकिलरॉय चुकले होते असं कुणी म्हणणार नाही. त्यांच्यापुढचा मजकूर इंग्रजीच होता. 'अक्षर म्हणजे ए ते झेड' हे गृहीतक लिहून ठेवायची गरज त्या खोलीत कुणालाच नव्हती. तुकडा त्या खोलीतून बाहेर पडला, गृहीतक मात्र कुणाच्या लक्षात न येता त्याच्या पोटात बसून आलं.

मोजणी चुकली तर फार बिघडत नाही. पुसण्याची गोष्ट वेगळी. लिनक्सवर स्टीम हे गेमिंगचं सॉफ्टवेअर सुरू करणाऱ्या शेल स्क्रिप्टमधली एक ओळ २०१५च्या जानेवारीत जगभर चर्चेत आली. स्क्रिप्ट आधी आपण स्वतः कोणत्या फोल्डरमध्ये आहोत ते शोधून एका व्हेरिएबलमध्ये ठेवत असे. पुढे एका टप्प्यावर 'त्या फोल्डरचं नाव, मग तिरकी रेघ, मग त्यातलं सगळं' पुसून टाकण्याची आज्ञा होती. गृहीतक असं, की फोल्डर सापडेलच. ज्याने ते दुसरीकडे हलवलं होतं त्याच्याकडे सापडलं नाही. व्हेरिएबल रिकामं राहिलं आणि आज्ञेत उरली नुसती तिरकी रेघ, म्हणजे डिस्कचं मूळ. त्या माणसाच्या फाइली गेल्याच, जोडलेल्या बाहेरच्या ड्राइव्हवरच्याही गेल्या. या ओळीच्या वर लिहिणाऱ्याने एका शब्दाची कमेंट ठेवली होती: 'स्केअरी!' भीती वाटली होती, ती नोंदवलीही होती. भीती कशाची, तेवढं लिहायचं राहिलं. व्हेरिएबलच्या नावाला महिरपी कंस घालून शेवटी कोलन आणि प्रश्नचिन्ह टाकलं असतं, तर रिकामं नाव दिसताच शेल तिथेच थांबला असता. शेलचेक हे मोफत साधन आज नेमक्या अशाच ओळीवर बोट ठेवतं.

गृहीतक जागेचं असतं तसं वेळेचंही असतं. 'पहाटे चारला बॅकअप' ही क्रॉनची ओळ कुणी लंडनमध्ये लिहिली आणि पुण्यातल्या कंपनीने यूटीसीवर चालणाऱ्या सर्व्हरवर जशीच्या तशी टाकली, तर बॅकअप सकाळी साडेनऊला सुरू होतो, म्हणजे सगळे लॉगिन करायला बसतात नेमक्या तेव्हा. मग 'सर्व्हर सकाळी जड होतो' म्हणून जास्त मेमरी विकत घेतली जाते. काही पुड्या तर नुसत्या ठेवून ठेवून विषारी होतात. टीएलएस १.० आणि १.१ चालू ठेवणारी ओळ एके काळी जुन्या ब्राउझरांची सोय होती. २०२१च्या मार्चमध्ये इंटरनेटची मानकं ठरवणाऱ्या आयईटीएफने या दोन्ही आवृत्त्या अधिकृतपणे मोडीत काढल्या. ओळीवर तारीख नसेल, तर ती सोय होती की निष्काळजीपणा, हे नव्या माणसाने कसं ओळखायचं?

यावर अनुभवी मंडळींचं ठरलेलं उत्तर असतं: चालतंय ना, मग हात लावू नका. पण चालतंय हे कळलं कशावरून? ३१ जानेवारी २०१७ रोजी कोड साठवण्याची सेवा देणाऱ्या गिटलॅबच्या एका इंजिनिअरने दुय्यम सर्व्हर समजून मुख्य डेटाबेसचा फोल्डर पुसायला घेतला. थांबवेपर्यंत सुमारे ३०० जीबीपैकी साडेचार जीबी उरले होते. मग बॅकअप पाहायला गेले, तर रोजच्या डंपची जागा रिकामी. डंप काढणारा प्रोग्रॅम पोस्टग्रेसच्या ९.२ आवृत्तीचा होता, डेटाबेस ९.६चा; काम दर वेळी अपयशी होत होतं. अपयशाचे मेलही निघत होते, पण सही-शिक्क्याअभावी पलीकडून नाकारले जात होते. सुदैवाने सहा तासांपूर्वी दुसऱ्याच कामासाठी हाताने घेतलेला एक स्नॅपशॉट होता, त्यावर निभावलं. ही सगळी हकीकत गिटलॅबने स्वतःहून जाहीर केली, याचं कौतुक करावं तेवढं थोडं. 'चालतंय'चा अर्थ पुष्कळदा 'ओरडत नाही' एवढाच असतो.

दुसरा आक्षेप वजनदार आहे. आता पपेट, अॅन्सिबल अशी साधनं आहेत, सर्व्हर कसा असावा हे फाइलीत लिहिलं की झालं. सुट्या स्क्रिप्टांची चिंता कशाला? ही साधनं उत्तम आहेत, आणि एकच आज्ञा दोनदा चालली तरी बिघडू नये ही त्यांनी लावलेली शिस्त मोलाची आहे. पण त्यांच्या फाइलीही इकडूनतिकडूनच उचलल्या जातात. पुडीच्या जागी बाटली आली, एवढंच. आता तर एआयला विचारलं की तुकडा क्षणात मिळतो, समजावूनही मिळतो. मात्र ते स्पष्टीकरण सर्वसाधारण सर्व्हरचं असतं, तुमच्या सर्व्हरवर २०१६ साली कुणी काय करून ठेवलंय ते त्याला ठाऊक नसतं. आणि नुसत्या उचलेगिरीचा हिशोबही झालेला आहे. २०१७मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात १३ लाख अँड्रॉइड अॅप तपासली, तेव्हा १५.४ टक्के अॅपमध्ये स्टॅक ओव्हरफ्लोवरचे सुरक्षेशी संबंधित तुकडे सापडले. त्यांतल्या ९७.९ टक्के अॅपमध्ये निदान एक तुकडा असुरक्षित होता.

रात्री दोनला साइट बंद पडलेली असताना कमेंट लिहीत बसायला वेळ कुणाला, हा तिसरा आक्षेप मी पूर्ण मान्य करतो. त्या वेळी लिहू नये. सकाळी लिहावी. तिला निबंधाची गरज नाही. 'जुन्या पेमेंट सर्व्हरसाठी, मे २०१९, तो बंद झाला की काढणे' एवढं पुरे. ओळ काय करते हे सांगणारी कमेंट जवळपास निरुपयोगी, कारण ते ओळच सांगते.

दिवाळीच्या सुटीत सर्व्हरवर वर्दळ कमी असते. तेवढ्यात आपला क्रॉनटॅब एकदा उघडून वरपासून खालपर्यंत वाचा. ज्या ओळीचं कारण आठवणार नाही ती लगेच पुसू नका. तिच्या वर आजची तारीख आणि एक प्रश्नचिन्ह तेवढं लिहून ठेवा.