आत तू कोण असतोस?

गोष्ट गेल्या पावसाळ्यातली. रात्रीचे अकरा वाजून गेले होते. आमचा धाकटा मुलगा कानाला हेडफोन लावून संगणकासमोर बसला होता. दुसऱ्या दिवशी त्याची परीक्षा होती. दोनदा सांगितलं, तीनदा सांगितलं. चौथ्यांदा मी काही बोललो नाही, सरळ भिंतीवरचं बटण बंद केलं. पडदा काळा झाला. वाटलं, पोरगा चिडेल, आदळआपट करेल. पण तो तसाच बसून राहिला. मग एवढंच म्हणाला, "अब्बा, आत वीस माणसं होती. त्यांना जगवायचं काम माझ्याकडे होतं."

त्या रात्री मला झोप लागली नाही. कुठली वीस माणसं? आणि किराणा दुकानात चार वस्तू मागताना जो मुलगा अडखळतो, त्याच्यावर वीस जणांचा जीव कुणी सोपवला?

त्याच घरात आमची थोरली मुलगी आहे. भावाने तिलाही हा खेळ दाखवला होता. दहा मिनिटांत ती उठली. म्हणाली, "आठ दिवस रानडुकरं मारायची, तेव्हा म्हणे नवी तलवार मिळणार. त्यापेक्षा धान निंदायला गेलेली बरी, मजुरी तरी मिळते." एकाच ताटात जेवलेली दोन भावंडं. एकाला त्या खेळात जीव रमवावासा वाटतो, दुसरीला जांभया येतात. असं का होत असेल?

आधी हा खेळ म्हणजे काय ते पाहू. यात एक काल्पनिक मुलूख असतो. डोंगर, जंगलं, गावं, बाजार, सगळं त्यात असतं. देशोदेशीची हजारो माणसं एकाच वेळी तिथे वावरतात. प्रत्येकाने एक सोंग घ्यायचं. कुणी योद्धा, कुणी जादूगार, कुणी शिकारी, कुणी वैद्य. आपण संगणक बंद केला तरी तो मुलूख चालूच राहतो. अशा खेळांचा आद्य नमुना १९७८ साली इंग्लंडमधल्या एसेक्स विद्यापीठात तयार होऊ लागला. रॉय ट्रबशॉ या विद्यार्थ्याने त्याची सुरुवात केली आणि पुढे रिचर्ड बार्टल याने ते काम हाती घेतलं. त्या खेळाचं नाव 'मड'. गंमत म्हणजे त्यात एकही चित्र नव्हतं. जंगल, वाट, दरी, सारं काही शब्दांतच. माझ्यासारख्या कविता लिहिणाऱ्याला याचं अप्रूप वाटणारच! नंतर चित्रं आली, रंग आले. २००४ साली निघालेल्या 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट' या खेळाचे २०१० पर्यंत १ कोटी २० लाख वर्गणीदार झाले होते.

हे सगळं वाचताना मला आमच्या झाडीपट्टीतली दंडार आठवत होती. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली हा आमचा मुलूख नाटकवेडा. २०२३ साली झाडीपट्टी रंगभूमीवरचे कलावंत परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली, तेव्हा या वेडाची दखल दिल्लीनेही घेतली. माझ्या लहानपणी दिवाळी झाली, मंडई भरू लागली की दंडारीचे वेध लागत. पात्रं गावातलीच. दिवसा धान कापणारा माणूस रात्री राजा होई. शेजारचे काका मला म्हणाले, "पोरा, तू वाचतोस बरा. तू प्रधान हो गा." मी प्रधान झालो. घरात आमची बोली उर्दूमिश्रित हिंदी, गल्लीत झाडीबोली आणि शाळेत पुस्तकी मराठी. तिन्ही ठिकाणी मी थोडा बावरलेलाच असे. पण डोक्यावर पागोटं चढलं की शब्द कसे सरळ बाहेर पडत! माझे थोरले भाऊ मात्र दंडारीत कधी उभे राहिले नाहीत. त्यांना सोंग घेण्याचीच लाज वाटे. ते समोर बसून हसत.

पुढे कविता लिहू लागलो तेव्हा टोपणनाव घेतलं. उर्दूत त्याला तखल्लुस म्हणतात. तेही एक पागोटंच. दुसऱ्या नावाआडून माणूस कधी कधी अधिक खरं बोलतो, हे मला ठाऊक होतं. पण मुलाच्या बाबतीत ते माझ्या ध्यानात आलं नाही.

आता पुन्हा बार्टलकडे वळू. वर्षानुवर्षं खेळणाऱ्यांना पाहून त्याने १९९६ साली एक लेख लिहिला आणि त्यांची पत्त्यांच्या चार रंगांत वाटणी केली. चौकट म्हणजे कमाई करणारे. त्यांना वरची पायरी, नवी तलवार, मोठा आकडा हवा असतो. इस्पिक म्हणजे शोधणारे. डोंगरापलीकडे काय आहे, खेळाची यंत्रणा आतून कशी चालते, हे त्यांना कळायला हवं असतं. बदाम म्हणजे माणसांसाठी येणारे. खेळ हे त्यांना गप्पांचं निमित्त. आणि किलवर म्हणजे दुसऱ्याला डिवचणारे, पाडणारे. समोरचा हैराण झाला की यांना आनंद.

मला ही वाटणी पटली, कारण हे चारही रंग मी दंडारीत पाहिले आहेत. बक्षिसाची नोट कुणाच्या नावाने पुकारली जाते याकडे कान लावून बसणारा नट, म्हणजे चौकट. मुखवटा कसा बनवला हे पाहायला पडद्यामागे घुसणारा मुलगा, म्हणजे इस्पिक. नाटक कोणतं हे न विचारता पाव्हण्यारावळ्यांना भेटायला आलेली आत्या, म्हणजे बदाम. आणि ऐन रंगात राजाची दाढी ओढणारा टारगट, म्हणजे किलवर.

बार्टलने आणखी एक गोष्ट दाखवली. हे चार रंग एकमेकांवर परिणाम करतात. किलवर वाढले की बदाम निघून जातात, कारण गप्पा मारायला आलेल्याला रोज मार खायची हौस नसते. म्हणजे खेळ आवडणं हे जसं आपल्या स्वभावावर, तसंच तिथे भेटलेल्या माणसांवरही अवलंबून असतं. पुढे निक यी या अभ्यासकाने सुमारे ३ हजार खेळाडूंना प्रश्न विचारले. २००६ साली त्याने मांडलं की कमाई, सोबत आणि सोंगात रमणं या तीन ओढी मुख्य आहेत. त्या एकाच माणसात एकत्रही नांदतात. माणूस म्हणजे पत्त्यातलं एकच पान नव्हे.

मग ज्यांना हा खेळ आवडत नाही, त्यांचं काय? त्यांच्याकडेही कारणं आहेत आणि ती चुकीची नाहीत. तेच तेच काम शंभर वेळा करावं लागतं, ते काहींना घाण्याच्या बैलासारखं वाटतं. गोष्टीला शेवट नाही, हे काहींना सोसत नाही. आमच्या थोरलीला कादंबरीचं शेवटचं पान मिटल्याशिवाय चैन पडत नाही. नवख्याला सुरुवातीला सगळे पुढे गेलेले दिसतात, त्याचा हिरमोड होतो. कुणाला अनोळखी माणसांना वेळ बांधून देणं जाचक वाटतं. आणि माझ्या भावांसारखे काही जण असतात, त्यांना सोंगच नको असतं. थोरली महाविद्यालयात वादविवाद गाजवते, मैत्रिणींचं टोळकं सांभाळते. तिला हवं ते तिला बाहेर मिळतं. आत जायची तिला गरजच पडत नाही.

धाकट्याचं तसं नाही, हे मला एका रात्री त्याच्या शेजारी खुर्ची टाकून बसल्यावर कळलं. या खेळांतल्या मोठ्या मोहिमांत कामं वाटलेली असतात. कुणी पुढे उभं राहून वार अंगावर घ्यायचे, कुणी वार करायचे आणि कुणी मागे राहून जखमी साथीदारांना सावरायचं. तिसरं काम आमच्या चिरंजीवांचं. पडद्यावर प्रत्येकाच्या जिवाची एक पट्टी असते. ती घसरली की हा बोटं चालवून पुन्हा भरतो. शाबासकी सहसा तलवारवाल्याला मिळते. पण वैद्य मधेच उठला तर सगळे मरतात. मी बटण दाबलं तेव्हा नेमकं हेच झालं होतं. ऐन प्रवेशात प्रधानाला कुणी हात धरून घरी नेलं असतं तर काय वाटलं असतं, ते मला आठवून पाहायला हवं होतं.

नॉर्वेतल्या मात्स स्टेन या तरुणाची हकिकत अनेकांनी ऐकली असेल. स्नायू झिजवणाऱ्या आजाराने तो चाकाच्या खुर्चीला खिळला होता. २०१४ साली पंचविसाव्या वर्षी तो गेला. मुलगा एकटाच राहिला, मित्रांवाचून गेला, असं आईवडिलांना वाटत होतं. त्यांनी त्याच्या मृत्यूची बातमी इंटरनेटवर टाकली आणि देशोदेशीची पत्रं येऊ लागली. 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट'मध्ये तो इबेलिन नावाने वावरत होता आणि त्याने कितीतरी जणांना आधार दिला होता. त्यातले काही जण अंत्यविधीलाही आले. २०२४ साली त्याच्यावर माहितीपट निघाला. आईवडिलांना मुलगा कळला, पण तो गेल्यावर.

याचा अर्थ पोरांना रात्रभर मोकाट सोडावं असा नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीत २०२२ पासून खेळाच्या विकृतीचा समावेश आहे. खेळावर ताबा न राहणं, बाकी सगळं मागे पडणं, नुकसान दिसत असूनही न थांबणं आणि हे साधारण वर्षभर चालणं, ही तिची लक्षणं. ती दिसली तर डॉक्टरांकडे जावं. पैसे लावून खेळायचे ऑनलाइन खेळ तर निराळेच. त्यांवर २०२५ च्या केंद्रीय कायद्याने बंदी घातली आहे. पण प्रत्येक खेळणारा आजारी नसतो आणि न खेळणारा प्रत्येक जण शहाणा असतो असंही नाही. माणूस जिथे आपली गरज आहे असं वाटतं तिथे जातो. कुणाला ते ठिकाण अंगणात सापडतं, कुणाला पडद्यावर.

आमच्याकडे आता एक नियम ठरला आहे. मोहीम कधी आहे ते त्याने आधी सांगायचं, परीक्षेच्या दिवसांत मोहीम नाही आणि मी भिंतीवरच्या बटणाला हात लावायचा नाही. त्याला अंगणातही कुणीतरी प्रधान करावं, अशी माझी इच्छा आहे. म्हणून यंदाच्या मंडईला त्याला सोबत नेणार आहे. आला तर आला.

तुमच्या घरीही असं मूल असेल. "किती वेळ खेळलास?" हे आपण रोजच विचारतो. एकदा शेजारी बसून विचारून पाहा, "आत तू कोण असतोस?" मी विचारलं तेव्हा आमचा अबोल मुलगा पाऊण तास बोलत होता. आणि त्या पाऊण तासात तो फार थोडा अडखळला.