एक वाडा, अनेक बिऱ्हाडे

भोरला शिक्षकांच्या एका बैठकीत संगणकाविषयी बोलत होतो. वेल्ह्याकडून आलेल्या एका सरांनी आपली अडचण सांगितली. त्यांच्या विद्यार्थ्याने घरच्या संगणकावर तयार केलेली आज्ञावली शाळेच्या संगणकावर चालेना. शेजारचे शिक्षक म्हणाले, "कंटेनरमध्ये घाला, मग कुठेही चालेल." त्यावर सरांनी विचारले, "कुठेही म्हणजे बँकांच्या त्या मोठ्या मेनफ्रेमवरसुद्धा?"

प्रश्न चांगला होता. त्याचे उत्तर 'हो' असे आहे आणि 'नाही' असेही आहे. ते कसे, हे पाहू.

आज्ञावली कधीच एकटी चालत नाही. तिला इतर अनेक सहायक आज्ञावल्या लागतात आणि त्याही ठराविक आवृत्तीच्या. घरच्या संगणकावर त्या असतात, शाळेच्या संगणकावर नसतात, आणि काम अडते. यावर उपाय म्हणजे आज्ञावलीबरोबर तिचा सगळा संसारच बांधून द्यायचा. या गाठोड्याला कंटेनर म्हणतात. नाव आले ते जहाजावरच्या कंटेनरवरून. 1956 मध्ये 'आयडियल एक्स' हे जहाज 58 मोठ्या पेट्या घेऊन अमेरिकेतल्या न्यूअर्कहून ह्यूस्टनला गेले. आत काय आहे याच्याशी क्रेनला कर्तव्य नसते, पेटीचे माप ठरलेले असले की झाले. न्हावाशेवा बंदराचे कामही याच तत्त्वावर चालते.

आता एक जुना वाडा डोळ्यांपुढे आणा. त्यात दहा बिऱ्हाडे आहेत. प्रत्येकाची खोली, चूल, कुलूप वेगळे. पण आड एकच. कंटेनर असेच राहतात. प्रत्येकाचा संसार वेगळा, पण ऑपरेटिंग सिस्टीमचा गाभा, म्हणजे कर्नेल, सगळ्यांना मिळून एकच. कोणाला काय दिसावे आणि कोणी किती प्रोसेसर व स्मृती वापरावी, यावर कर्नेल लक्ष ठेवते. याउलट 'आभासी संगणक' म्हणजे स्वतःचा आड असलेले स्वतंत्र घर. ते अधिक सुरक्षित, पण जागा जास्त खाते. कंटेनर हलका असतो आणि काही क्षणांत सुरू होतो.

ही वाटून राहण्याची कल्पना नवी नाही. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत 1964 मध्ये सीडीसी 3600 हा मोठा संगणक आला. संगणक एक आणि काम घेऊन येणारे संशोधक अनेक! अशा महागड्या यंत्राचा एकही क्षण वाया जाऊ नये आणि एकाच्या चुकीने दुसऱ्याचे काम बिघडू नये, हा प्रश्न तेव्हा जगभर होता. आयबीएम कंपनीने 1964 मध्येच 'सिस्टीम 360' ही मेनफ्रेमची मालिका जाहीर केली आणि 1972 मध्ये 'व्हीएम 370' द्वारे एका यंत्रात अनेक आभासी संगणक चालवण्याची सोय दिली. म्हणजे स्वतंत्र घरे मेनफ्रेमवर आधी झाली. 2000 च्या सुमारास लिनक्स मेनफ्रेमवर आले, 2013 मध्ये 'डॉकर'मुळे कंटेनर लोकप्रिय झाले आणि 2019 मध्ये मेनफ्रेमच्या 'झेड ओएस' या मुख्य ऑपरेटिंग सिस्टीमच्या आतच लिनक्सचे कंटेनर चालवण्याची सोय झाली. हे झाले 'हो'.

आता 'नाही' पाहू. कंटेनरमधल्या आज्ञावल्या शेवटी प्रोसेसरच्या भाषेत लिहिलेल्या असतात. शाळेच्या संगणकातला इंटेलचा प्रोसेसर एक भाषा बोलतो, मेनफ्रेमचा दुसरी. गाठोडे सुबक बांधले म्हणून आतल्या पत्राची भाषा बदलत नाही. मूळ आज्ञावलीचे मेनफ्रेमसाठी पुन्हा भाषांतर करून नवे गाठोडे बांधावे लागते. एकाच नावाखाली निरनिराळ्या प्रोसेसरांसाठीच्या प्रती ठेवता येतात. त्यामुळे वापरणाऱ्याला फरक जाणवत नाही, इतकेच.

एवढ्यावरही भागत नाही. 25 हा अंक आपण लिहिताना आधी दोन, मग पाच लिहितो. म्हणताना मात्र 'पंच-वीस', म्हणजे पाच आधी. 2019 मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'वीस पाच' असे वाचन आले तेव्हा केवढा वाद झाला, हे आपल्याला आठवत असेल. संगणकांमध्येही नेमका हाच मतभेद आहे. संख्या 256 च्या पटीत तोडून एकेका घरात ठेवतात. 1000 म्हणजे 3 गुणिले 256 अधिक 232. मेनफ्रेम 3 आधी ठेवतो, मग 232. इंटेलचा प्रोसेसर 232 आधी ठेवतो, मग 3. इंटेलवर लिहिलेली ही दोन घरे कोणी मेनफ्रेमवर जशीच्या तशी वाचली, तर उत्तर येईल 232 गुणिले 256 अधिक 3, म्हणजे 59,395! हजार रुपयांच्या खात्याचे काय होईल, हे सांगायला नको. यंत्र कुरकुरही करणार नाही, कारण त्याच्या दृष्टीने ती एक रीतसर संख्याच आहे. म्हणून मेनफ्रेमवर कंटेनर नेताना तो 'सुरू झाला' एवढ्यावर समाधान मानायचे नसते. माहीत असलेली उत्तरे पुन्हा मिळतात का, हे तपासावे लागते.

मग हा खटाटोप कशासाठी? जगातल्या अनेक मोठ्या बँकांचे आणि विमा कंपन्यांचे हिशेब आजही मेनफ्रेमवर, कोबोल भाषेतल्या जुन्या आज्ञावल्यांनी होतात. वर्षानुवर्षे तावून सुलाखून निघालेल्या या आज्ञावल्या नव्याने लिहिणे खर्चाचे आणि धोक्याचे असते. त्यांना हात न लावता, मोबाइलवरून येणारी विचारणा हाताळणारी नवी आज्ञावली त्यांच्या शेजारच्या खोलीत आणून बसवता येते. माहिती तिथल्या तिथे मिळते, यंत्राबाहेर हेलपाटे पडत नाहीत. मात्र यामुळे कोबोलची आज्ञावली आपोआप कंटेनरात जात नाही. ती आपल्या जुन्या जागीच राहते.

तोटेही लक्षात घ्यायला हवेत. आड एकच असल्याने कर्नेलमध्ये दोष निघाला तर सगळ्या बिऱ्हाडांना धोका असतो. शिवाय मेनफ्रेम महाग, आणि तो बनवणाऱ्या कंपन्या थोड्या. ज्याचे हिशेब तिथे नाहीत, त्याने केवळ कंटेनर चालवण्यासाठी तो घ्यावा असे काही नाही.

वर्गात एक प्रयोग करून पाहा. दोन विद्यार्थ्यांना 1 आणि 244 अशी दोन कार्डे त्याच क्रमाने द्या. एकाने डावीकडून, दुसऱ्याने उजवीकडून वाचून 256 च्या पटीत संख्या काढावी. एकाला 500 मिळेल, दुसऱ्याला 62,465. मग विचारा, 'यात चूक कोणाची?' चूक कोणाचीच नाही. कोणत्या बाजूने वाचायचे, हे आधी ठरवायचे राहून गेले, एवढेच.

वेल्ह्याच्या सरांना मी हेच सांगितले. गाठोडे कुठेही नेता येते, पण ज्या गावी न्यायचे तिथली भाषा आणि मोजायची रीत आधी विचारून घ्यावी.