नंबर शेवटी वाचावा

जुन्या मोटारसायकलचं सुटं इंजिन समोर आलं की हात आधी चिंधीकडे जातो. क्रँककेसवरची चिकट काजळी पुसायची, नंबर वाचायचा, त्यावरून साल काढायचं, सालावरून मॉडेल आणि मॉडेलवरून सीसी. माझ्या मते हा क्रम उलटा हवा. नंबर बदलायला कानस, पंच आणि हातोडी पुरते. बोअर आणि स्ट्रोक बदलायला लेथ लागतं, पैसा लागतो आणि तेवढा खटाटोप करण्याचं कारणही लागतं. म्हणून आधी हेड उतरवावं, सिलिंडरचा व्यास, म्हणजे बोअर, मोजावा आणि क्रँक फिरवून पिस्टन वरच्या टोकापासून खालच्या टोकापर्यंत किती उतरतो, म्हणजे स्ट्रोक किती, ते पाहावं. स्पार्क प्लगच्या भोकातून सळई घालून हे काम उरकता येतं असं म्हणतात, पण तिरक्या भोकातली सळई तिरकंच माप देते. मापं हाती आली की ‘साडेतीनशेचं इंजिन’ या ढोबळ वर्णनाला नाव मिळू लागतं. ब्रिटिश सिंगलमध्ये मॅचलेस जी3एल 69 × 93 मिलिमीटरचं, व्हेलोसेट मॅक 68 × 96चं, बीएसए बी31 71 × 88चं आणि आपल्या ओळखीची बुलेट 70 × 90ची. सगळी साडेतीनशेच्या आसपासची, पण घडण प्रत्येकाची वेगळी.

यावर पहिला आक्षेप रीबोअरचा, आणि तो खरा आहे. झिजलेल्या बुलेटमध्ये एक मिलिमीटर ओव्हरसाइज पिस्टन बसवला की 346चे 356 सीसी होतात आणि बोअर थेट बी31च्या मापाला जाऊन भिडतो. निवाडा अशा वेळी स्ट्रोकवर होतो. तो क्रँकपिन मध्यापासून किती दूर आहे यावर ठरतो, रीबोअर त्याला हात लावत नाही. 90 आणि 88 मधला फरक साधा व्हर्नियरही दाखवतो. बीएसएच्या एम20 आणि एम21 या दोघींचा बोअर 82च, पण स्ट्रोक 94 आणि 112, म्हणजे 496 आणि 591 सीसी. नुसता बोअर मोजून थांबणाऱ्याची इथे फसगत ठरलेली. उलट नॉर्टनच्या 16एच आणि ईएस2 यांची दोन्ही मापं सारखीच, 79 × 100. तिथे व्हॉल्व्ह बघायचे: बाजूला असतील तर 16एच, डोक्यावर असतील तर ईएस2.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: मापं वय सांगत नाहीत. बुलेटचं 70 × 90 हे माप 1949 पासून थेट एकविसाव्या शतकापर्यंत टिकलं. मॅग्नेटो किंवा कार्बुरेटरवरून अंदाज बांधावा, तर ते भाग चार बोल्ट सोडले की बदलतात. वयासाठी नंबराकडे जावंच लागतं, मात्र मापं खिशात घेऊन. लंडनच्या टॉटनहॅममधल्या जेएपी कारखान्याची इंजिनं या पडताळणीला फार सोयीची. नंबराआधीच्या अक्षरांतलं पहिलं अक्षर मापाचं: ‘के’ म्हणजे 85.7 × 85, ‘जे’ म्हणजे 80 × 99. ‘टी’ म्हणजे दोन सिलिंडर. तेव्हा केटीओआर असा ठसा असेल तर इंजिन 980 सीसीचं भरायला हवं. ते 995 भरत असेल तर ठसा तरी खोटा किंवा आतला माल तरी बदललेला. 1920 पासून वर्षासाठीही अक्षर होतं: पी, एन, ई, यू अशा क्रमाने 1928 च्या सीपर्यंत. अर्थात ते वर्ष इंजिनाचं. जेएपी अनेक कंपन्यांना इंजिनं पुरवत असे, त्यामुळे गाडी पुढच्या साली जुळवलेली असू शकते.

राहिला व्यवहाराचा मुद्दा: आरटीओत आरसी बुकावरचा नंबर चालतो, स्ट्रोक कोण विचारतो? खरंय. 2021 च्या केंद्रीय नियमांतली व्हिंटेजची 50 वर्षंही पहिल्या नोंदणीपासून मोजली जातात, इंजिनाच्या ओतकामापासून नव्हे. पण कागदाला एवढी किंमत आहे म्हणूनच ठसा कागदाशी जुळवून घेण्याचा मोह होतो. ट्रायम्फने साठच्या दशकाच्या अखेरीस नंबराच्या जागेवर आपल्या नावाची बारीक उठावदार नक्षी ठेवली ती याच धास्तीने. तिथे कानस फिरली की नक्षी जाते. इतर इंजिनांवर नंबराची पट्टी तिरप्या उजेडात धरावी, घासल्याचे ओरखडे आणि भोवतीच्या ओतकामापेक्षा खोल गेलेली जागा शोधावी, आणि मगच आकडे वाचावेत.